तुकोबा, कादंबऱ्या आणि आमचे काका

आधीच सांगून टाकते, हा लेख भांडणाचा आहे. घरच्या मंडळींनी (हो, तुम्हीच! तुम्ही इथे गुपचूप येऊन वाचून जाता हे मला ठाऊक आहे) चहाचा कप घेऊन बसावं आणि शेवटपर्यंत वाचावं. मध्येच उठून आईला फोन लावू नये. आई वाचतेच आहे.

तर झालं असं. माझी भाची पंधरा वर्षांची. मे महिन्याच्या सुट्टीत तिनं दि. बा. मोकाशींची 'आनंदओवरी' वाचली. तुकोबा नाहीसे झालेत आणि धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत फिरतोय, ती कादंबरी. वाचून झाल्यावर तिला पणजीकडून ऐकलेली एक गोष्ट आठवली आणि भर पंक्तीत तिनं विचारलं, "तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली आणि कान्होबानं त्याच्या वाट्याची ठेवून घेतली. मग कान्होबा वाईट होता का?"

पंक्तीत एकदम शांतता. मग आमचे धाकटे काका, गळ्यात माळ, रोजचा हरिपाठ कधी चुकवायचा नाही असा माणूस, म्हणाले, "संतांच्या घरातलं असलं काही विचारू नये. कादंबरीवाले मनाचं लिहितात. पोथी वाच." दुसऱ्या दिवशी पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं.

मी हे सगळं एका मैत्रिणीला सांगितलं. ती इतिहास शिकवते. वाटलं, ही तरी बाजू घेईल. तर ती म्हणाली, "काकांचं बरोबरच आहे. कादंबऱ्या वाचून इतिहासाची वाट लागते. मूळ साधनं वाचायला लाव." म्हणजे बघा, ज्या दोन माणसांचं जगातल्या कुठल्याही गोष्टीवर एकमत होणार नाही, त्यांचं या एका गोष्टीवर झालं. एकाला पोथीसाठी कादंबरी नको, दुसरीला कागदपत्रांसाठी नको. मला दोघांशीही भांडायचं आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात असं: आपल्याकडे धर्माच्या इतिहासाची गोडी लागण्याचा कादंबरी हा जवळजवळ एकमेव उघडा दरवाजा आहे आणि तो बंद करणाऱ्यांनी दुसरा कुठलाही दरवाजा उघडलेला नाही.

मला शाळेत संत कसे भेटले ते आठवतंय. जोड्या लावा: ज्ञानेश्वर – नेवासे, तुकाराम – देहू, रामदास – सज्जनगड. पाच मार्कं. घरी ते भिंतीवर भेटायचे, हार घातलेले. आमचं गाव पालखीच्या वाटेवरचं, आषाढात अंगण वारकऱ्यांनी भरून जायचं, पिठलं-भाकरीच्या पंगती उठायच्या, आणि त्या गर्दीत मला आनंदही व्हायचा. पण संत म्हणजे कुणी जन्मलेलं, वाढलेलं, घाबरलेलं माणूस, असं कधी मनातही आलं नव्हतं. शाळेत ते उत्तर होते आणि घरी नमस्कार.

मग नववीच्या सुट्टीत आजोळी माळ्यावर एक ट्रंक सापडली. मोठ्या मामाची. त्यात गोनीदांची 'मोगरा फुलला' आणि 'तुका आकाशाएवढा' होती. दुपारी सगळे झोपलेले, वर पत्रा तापलेला, आणि मी घामाघूम होऊन वाचतेय. त्यात भक्ती भरपूर होती. गोनीदांना लपवाछपवी माहीतच नव्हती, ते भक्तच होते. पण त्या भक्तीच्या मध्येमध्ये दुकान होतं, उधारी होती, पाऊस न पडणं होतं. दुष्काळ आला आणि मी तिथे थांबले. कारण माझ्या डोक्यात एक प्रश्न आला, जो शाळेतल्या सात-आठ वर्षांत एकदाही आला नव्हता: कुठला दुष्काळ? कधीचा?

हा प्रश्न म्हणजे सगळ्याची सुरुवात आहे, मंडळी. तो पोथी वाचताना येत नाही, कारण पोथीतला दुष्काळ भक्ताची परीक्षा घ्यायला आलेला असतो, त्याला साल नसतं. पाठ्यपुस्तक वाचताना येत नाही, कारण तिथे दुष्काळच नसतो.

उत्तर मिळायला मला बरीच वर्षं लागली, पण मिळालं तेव्हा अंगावर काटा आला. १६३० ते १६३२. दख्खन आणि गुजरात दोन्ही होरपळले होते. शाहजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी 'पादशाहनामा'त या दुष्काळाचं वर्णन करतो. पीटर मंडी नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर त्याच सुमारास सुरतेहून आग्र्याला चालला होता, त्यानं वाटेवरची प्रेतं आणि ओसाड गावं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. आणि तिसरा साक्षीदार देहूचा एक वाणी. पहिली बायको उपासमारीनं गेली, पैसा गेला, मान गेला, जगण्याची लाज वाटायला लागली, हे तुकोबांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवलंय. दरबारी फारसी, व्यापाऱ्याची इंग्रजी आणि देहूची मराठी. तिघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नाही आणि तिघं एकाच उन्हाबद्दल लिहितायत. त्याच सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवानं पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला होता. देहूपासून पुणं ते किती!

ज्या दिवशी मला हे कळलं त्या दिवशी मी धर्माच्या इतिहासाच्या प्रेमात पडले. त्याआधी तो अभंग मी शंभरदा ऐकलेला होता. कीर्तनात ऐकला होता, रेडिओवर ऐकला होता. पण त्यातली मेलेली बाई खरोखर मेली होती हे कादंबरीनं आधी सांगितलं आणि इतिहासानं नंतर.

आता मैत्रिणीच्या मुद्द्याकडे वळते. "मूळ साधनं वाचा." अगं बाई, वाचतो ना! पण साधनांपर्यंत माणूस जातो कसा? भूक लागल्याशिवाय कुणी स्वयंपाकघरात डोकावतं का? तुकोबांचा गाथा १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत इंदुप्रकाश छापखान्यात छापला गेला, मुंबई सरकारच्या पैशानं. विष्णू परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित या दोघांनी हस्तलिखितं गोळा करून, पाठ ताडून तो सिद्ध केला. साडेचार हजारांवर अभंग. पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात तो ठेवून "साधन वाच" म्हटलं तर ती काय करेल? नमस्कार करेल आणि परत ठेवेल.

पण 'आनंदओवरी' वाचलेली मुलगी त्याच गाथ्यात कान्होबाला शोधेल, आणि तो तिला सापडेल. गाथ्यात 'तुकयाबंधू' अशा सहीचे अभंग आहेत. भाऊ नाहीसा झाल्यावर रडलेले, देवाशी कडाकडा भांडलेले, भाऊ परत दे म्हणून त्याला धरून बसलेले. आपण गाथा वाचतो तो तुकोबांसाठी, त्यामुळे या अभंगांवरून नजर घसरून जाते. मोकाशींनी नेमका तिथे कंदील धरला. (कर्जखतं ठेवून घेणारा भाऊ आणि देवाशी भांडणारा भाऊ एकच आहे हे कळल्यावर भाचीचा प्रश्न किती खोल जातो बघा. घरात थोरला भाऊ सावजी बायको गेल्यावर विरक्त होऊन निघून गेलेला. मधल्यानं खतं बुडवलेली. मग घरातल्या बायकापोरांनी खायचं काय, हा विचार कुणीतरी करायलाच हवा होता. तो धाकट्यानं केला. याला वाईट म्हणायचं? मी तर म्हणेन, प्रत्येक संताच्या मागे असा एक हिशेब ठेवणारा असतो आणि त्याची पुण्यतिथी कुणी करत नाही.)

कान्होबावरून ती बहिणाबाईकडे जाईल. चौधरींच्या नव्हे, सतराव्या शतकातल्या, जन्म १६२८. ब्राह्मणाघरची बाई. लहानपणीच तिचं लग्न एका पोक्त बिजवराशी झालं. तुकोबांना मनानं गुरू मानलं म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला आणि शेवटी त्याच नवऱ्याबरोबर देहूला येऊन राहिली. मंबाजीनं आपली गाय नेऊन बांधून घातली आणि मारली, हे ती स्वतः अभंगांत सांगते. हे साधन आहे, मैत्रिणी, अस्सल, समकालीन, आणि एका बाईनं स्वतःच्या आयुष्याबद्दल सांगितलेलं. किती जणांनी वाचलंय? तुझ्या वर्गातल्या किती जणांनी? ज्यांनी वाचलं असेल ते कुठल्यातरी कादंबरीतून, नाटकातून, सिनेमातून मंबाजी भेटला म्हणून वाचलं असेल, अशी पैज लावायला तयार आहे.

कादंबरी चुकीचं सांगते, हा दुसरा आक्षेप. सांगते ना! कधीकधी धडधडीत सांगते. पण चूक पकडायची खाज सुटते तीसुद्धा तिच्यामुळेच. एक परदेशातलं उदाहरण देते, कारण ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. उंबेर्तो एको या इटालियन प्राध्यापकाची 'द नेम ऑफ द रोज' ही कादंबरी १९८० साली आली. एका मठात खून होतायत आणि एक संन्यासी शोध घेतोय. गोष्ट १३२७ सालची. वरवर रहस्यकथा, पण खाली भांडण भलतंच: ख्रिस्ताच्या आणि त्याच्या शिष्यांच्या मालकीचं काही होतं की नव्हतं? तुम्ही म्हणाल, यात भांडण्यासारखं काय आहे? तर १३२३ साली पोप बाविसावा जॉन यानं फर्मान काढून जाहीर केलं होतं, की ख्रिस्ताच्या मालकीचं काहीच नव्हतं असं हट्टानं म्हणणं म्हणजे पाखंड. कारण ते खरं मानलं तर चर्चच्या जमिनी, वाडे, सोनं यांचं करायचं काय? आणि असिसीच्या फ्रान्सिसचे अनुयायी दारिद्र्याचं व्रत घेऊन बसलेले, ते काही मागे हटेनात.

मी ते पान वाचत होते आणि मला इंद्रायणी दिसत होती. खतं बुडवायची की ठेवायची, हाच तो प्रश्न. तीनशे वर्षांचं आणि सात समुद्रांचं अंतर, पण प्रश्न तोच.

त्या कादंबरीत बर्नार्ड गी नावाचा एक क्रूर धर्मन्यायाधीश आहे. तो खराच होऊन गेला. १९८६ साली त्या कादंबरीवर सिनेमा निघाला, त्यात हा गी शेवटी मारला जातो आणि प्रेक्षकाला हायसं वाटतं. खरा गी मात्र बिशप झाला आणि १३३१ साली वारला, चांगला आपल्या हुद्द्यावर असताना. हे मला कसं कळलं? सिनेमा पाहून शंका आली म्हणून. आता सांगा, सिनेमानं माझा इतिहास बिघडवला की मला इतिहासाकडे ढकललं? ज्याला शंकाच येत नाही त्याचं बिघडतं हे मान्य. पण शंका न येणारा माणूस दस्तऐवज वाचूनही बिघडतो.

मैत्रिणीचं झालं. आता काका.

काका, तुम्ही म्हणता पोथी वाच. बरं. पण पोथी कुणाची? महिपतीची. महिपती मोठा माणूस, ताहराबादचा कुलकर्णी, जन्म १७१५, आणि 'भक्तविजय' पुरा केला १७६२ साली. तुकोबा गेले १६५० साली (काही जण १६४९ म्हणतात). म्हणजे मध्ये शंभराहून जास्त वर्षं गेली. तुमच्या-माझ्या पणजोबांच्या आधीच्या माणसाबद्दल आज कुणी लिहावं, तसं आहे हे. आणि गंमत म्हणजे महिपती हे लपवत नाही. तो सरळ सांगतो की मी मनाचं लिहीत नाही, नाभाजीचा आधार घेतलाय, उद्धवचिद्घनाचा घेतलाय. अठराव्या शतकातल्या या भक्तानं आपले आधार सांगितले, आणि तुम्ही एकविसाव्या शतकात म्हणता, विचारू नये!

शिवाय काका, राग मानू नका, पण तुमच्या डोळ्यांपुढे जे तुकोबा येतात ते कुठल्या पोथीतून आलेत? ते आलेत १९३६ सालच्या प्रभातच्या सिनेमातून. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम'. ते विष्णुपंत पागनीस आहेत, काका! ते डोलणं, ते हसणं, ती डोळे मिटायची लकब, सगळं पागनीसांचं. आवली म्हटलं की तुम्हाला जी कजाग पण मायाळू बाई दिसते, ती गौरीबाई. उत्तम सिनेमा, मी पण दहादा पाहिलाय आणि दहादा रडलेय. पण ती कल्पनेनं रचलेली कलाकृती आहे. तेव्हा कल्पना नको असं म्हणू नका. तुम्हाला जुनी, सवयीची कल्पना चालते, नवी खुपते, इतकंच.

इथे आनंद यादवांची गोष्ट काढायलाच हवी, कारण काकांनी त्या दिवशी पंक्तीत तीच काढली होती. 'झोंबी' लिहिणारे यादव. त्यांची 'संतसूर्य तुकाराम' ही कादंबरी २००८ साली आली. तुकोबांच्या तरुणपणाच्या चित्रणावर वारकरी मंडळींनी आक्षेप घेतला, वातावरण तापलं, लेखकानं माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं गेलं. तरी राग शमला नाही. २००९ च्या महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे ते निवडून आलेले अध्यक्ष होते, त्यांना संमेलनाच्या तोंडावर राजीनामा द्यावा लागला. २०१६ साली ते गेले.

काकांच्या मते हा कादंबरीकारांना मिळालेला धडा. मला त्यात वेगळंच दिसतं. आक्षेप घेणाऱ्यांचा मुख्य प्रश्न काय होता? "हे कशावरून लिहिलंत? पुरावा दाखवा." अहो, हा तर इतिहासाचा पहिला प्रश्न आहे! एरवी चमत्काराला पुरावा मागणाऱ्याला नास्तिक म्हणणारी माणसं त्या दिवशी पुरावा मागत होती. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पुरावा मागायचा हक्क त्यांना शंभर टक्के होता आणि पुराव्याशिवाय संताच्या चारित्र्याबद्दल काही लिहिलं तर लेखकाला जाब विचारायलाच हवा. पण प्रश्न विचारून झाल्यावर उत्तराची वाट पाहायची असते. गाथा उघडायचा असतो, बहिणाबाई उघडायची असते, महिपती उघडायचा असतो. समोरासमोर बसून सांगायचं असतं की बाबा रे, तुझं हे पान निराधार आहे, हे बघ. तसा एक फड जरी रंगला असता तरी महाराष्ट्रातल्या हजारो पोरांना कळलं असतं की तुकोबांबद्दल आपल्याला काय माहीत आहे आणि ते कुठून माहीत आहे. त्याऐवजी पुस्तक गेलं आणि प्रश्नही त्याच्याबरोबर गेला.

आणि "पुरावा दाखवा" हा प्रश्न एकदा तोंडातून निघाला की तो सगळ्यांना लागू होतो. कादंबरीला लागू होतो, पोथीला लागू होतो, सिनेमाला लागू होतो, आणि गावोगावच्या स्पीकरवरच्या भाषणांनाही. काकांना याची भीती वाटते. मला वाटत नाही, कारण पुरावे शोधायला गेलं तर संत लहान होत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

रोजच्या आरतीचंच घ्या. तुकोबांची आरती आपण घरात किती पिढ्या म्हणतोय? पाण्यात वह्या तरल्या हे त्यात आहे. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं: रामेश्वर. हा कोण, असं कुणी कधी विचारलंय? परंपरा सांगते की हा वाघोलीचा रामेश्वर भट, तुकोबांच्या वह्या पाण्यात बुडवायला लावणारा. म्हणजे ज्यानं विरोध केला तोच पुढे शिष्य झाला, आणि त्याच्याच तोंडची स्तुती आपण रोज टाळ्या वाजवून म्हणतो. केवढी मोठी गोष्ट आहे ही! एका विद्वान ब्राह्मणानं एका शूद्र कवीच्या पायावर डोकं ठेवलं आणि ते लिहून ठेवलं. वह्या तरल्या की नाही याचा वाद बाजूला ठेवा, माणूस बदलला हे तर आपल्या देवघरात रोज गायलं जातंय. त्या नावापाशी मी पहिल्यांदा थांबले ती कादंबऱ्यांमुळे, कारण कादंबरीत विरोधकालासुद्धा मन असतं.

आता शेवटचा मुद्दा. हा मात्र चहा बाजूला ठेवून वाचा.

संतांना काळाबाहेर ठेवण्याची किंमत कुणीतरी मोजत असतं. चोखोबांची गोष्ट आपण कशी सांगतो? देवानं चोखोबाची मेलेली ढोरं ओढली, देव त्याच्या घरी जेवला. ऐकून डोळे भरून येतात. डोळे पुसले की गोष्ट संपते. पण तिला साल लावून बघा. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून इतर मजुरांबरोबर गेले. समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर. देवळाबाहेर! ज्या पायरीपर्यंत जिवंतपणी येता येत होतं, मेल्यावरही तिथेच. आणि ते दार त्यांच्या माणसांना उघडलं १९४७ साली, साने गुरुजींनी मे महिन्यात उपोषण केल्यावर. सहाशे नऊ वर्षं. तेवढ्या काळात पालख्या गेल्या असतील, दिंड्या गेल्या असतील, आमच्या घराण्यातले कितीतरी जण त्या समाधीला नमस्कार करून आत गेले असतील. देवानं ढोरं ओढली या गोष्टीनं आपल्याला रडवलं, पण दार का उघडत नाही हे विचारायला लावलं नाही. ते विचारलं होतं चोखोबांच्या घरातच. त्यांच्या मुलाचे, कर्ममेळ्याचे, अभंग वाचा. देवालाच जाब विचारलाय त्यानं. ते अभंग कुठल्या हरिपाठानंतर म्हटले जातात, काका?

म्हणून मी एवढी तावातावानं भांडतेय. "संतांच्या घरातलं विचारू नये" हे वाक्य ऐकायला भक्तीचं वाटतं, पण त्याच वाक्यानं सहाशे वर्षं दार बंद राहिलं. आणि "कादंबरी वाचू नका, साधनं वाचा" हे वाक्य ऐकायला विद्वत्तेचं वाटतं, पण त्यानं साधनं दहा-वीस माणसांच्या कपाटात बंद राहिली.

तर आता मागण्या. भांडणाच्या लेखाला मागण्या हव्यातच :)

कादंबरीकारांनो आणि प्रकाशकांनो, पुस्तकाच्या शेवटी दोन पानं द्या. त्यात सरळ लिहा, हे गाथ्यातून घेतलं, हे महिपतीकडून, हे माझ्या कल्पनेतून. महिपतीला जमलं ते तुम्हाला का जमू नये? वाचकाचा अपमान होत नाही, उलट त्याला पुढची वाट मिळते.

मैत्रिणी, तू तुझ्या वर्गात या वर्षी एक कादंबरी लाव. पोरांना म्हण, यातल्या दहा गोष्टी निवडा आणि त्या कशावरून आल्या ते शोधून आणा. मग बघ, ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) कुणी आपणहून उघडतं की नाही. पंढरपूरच्या देवळात एक शिलालेख आहे, चौऱ्याऐंशीचा म्हणतात. लोक चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटायला त्याला पाठ घासत आले. त्यावर कोरलेली आहे देणगीदारांची यादी, १२७३ ते १२७७ मधली, अगदी यादवांच्या हेमाद्रीपंतासकट. पाठ घासणारे हात जोडून गेले, वाचणारे वाचून गेले. दोन्ही करणारं एक तरी पोरगं तुझ्या वर्गातून निघू दे.

आणि काका, तुमच्याकडे एकच मागणी. येत्या एकादशीला आरती झाली की शेवटच्या कडव्यातल्या त्या रामेश्वराची गोष्ट घरातल्या सगळ्या पोरांना तुम्हीच सांगा. तुमच्याइतकी रंगवून ती कुणाला सांगता येणार नाही. आणि सांगताना कुणी "कशावरून?" म्हटलं, तर रागावू नका. महिपतीची पोथी काढा, गाथा काढा, बहिणाबाईची प्रत माझ्याकडे आहे, ती मी आणते. मिळून शोधू.